थोरल्या जावेचा जबडा

आक्का, तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुला 'तू' म्हणायला लागले आहे. तू असताना माझी छाती झाली नसती. धाकट्या जावेनं थोरलीला अहोजाहो करायचं, तिच्यामागून जेवायचं, तिनं मापून दिलेले तांदूळ शिजवायचे. परकराची साडी झाली त्या वर्षापासून मी ते सगळं केलं. आता ऐकायला कुणी नाही. म्हणून तू.

गावातल्या बायका येतात, माझ्याजवळ बसतात, डोळ्याला पदर लावतात. "सुंदराबाई, तुमी लय केलंसा त्येंचं. सख्ख्या भनीनं केलं नसतं." मी मान हलवते. बहिणीनं केलं नसतं हे खरंच आहे. बहिणीला तुझा एवढा राग कुठून आला असता?

तो राग कुठला, हे तुला ठाऊक होतं. माझा पहिला मुलगा तापात गेला. रांगायला नुकता लागला होता. माणसं त्याला घेऊन गेली आणि घरात बायका उरल्या. मी कोपऱ्यात बसले होते. तू उंबऱ्यावर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "माझी तीन जगली. हिला येक राखता आलं न्हाई." आमचे हे नुकतेच परतून दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं आणि खाली बघितलं. पुढं मला दोन मुली झाल्या, त्या जगल्या, पण तुझं ते बोलणं घरात राहिलंच. तू ते कधी मागं घेतलं नाहीस.

आणि तुझं तोंड आतून सडायला लागलं तेव्हा ते धुवायला मीच निघाले.

मिश्री तुझी तू करायचीस. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि पाट्यावर वाटायची. सगळ्या घराला ठसका लागायचा. मग सकाळ-दुपार डाव्या गालात, हिरडीला लावून ठेवायची. पाणी गाळून प्यायचीस. कांदा, बटाटा, लसूण कधी घरात येऊ दिलं नाहीस. सूर्य मावळला की तुझं तोंड बंद. पर्युषणात दहा दिवस एक वेळ जेवायचीस. मिश्री मात्र त्या दहा दिवसांतही असायची. मी एकदा विचारलं, "आवं आक्का, उपासाला चालती व्हय ही?" तू म्हणालीस, "दातासाठी हाय. औषीद हाय." आणि पुढं कितीतरी दिवस माझ्या वाटणीचं दूध बंद.

लढाई चालू होती, साखर-रॉकेल रेशनवर मिळत होतं, त्या काळातली गोष्ट. तुझ्या डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून काहीतरी उठलं. गरम भाकरीनं भाजलं, असं तू सांगत राहिलीस. गालावरून सूज दिसायला लागली तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बोट घालून बघितलं आणि मुंबईला जा म्हणाले. तुझे मालक तर कधीच गेले होते. तुझा थोरला नेमू म्हणाला, "मला आईचं तोंड बघवत न्हाई." शेत त्याच्याकडं होतं, तेवढं कारण त्याला पुरलं. मग आमचे हे आणि मी निघालो. मी चौथीपर्यंत शिकलेले, दवाखान्यातल्या पाट्या मला वाचता येतील म्हणून. गाडीत सोल्जर भरलेले होते. तू ट्रंकेवर बसलीस आणि पुण्यापर्यंत मला सांगत होतीस, ट्रंक मी चुकीची भरली.

मुंबईच्या डॉक्टरांनी तुझ्या गालात रेडियमच्या सुया घातल्या. सुयांचे दोरे ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आले होते. तुला वेगळ्या खोलीत ठेवलं. आम्हांला दारापर्यंतच जायची परवानगी होती, तीही थोडा वेळ. तुला बोलता येत नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तू मला काही न बोललेले ते पहिले दिवस. मला बरं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सुया काढल्यावर गाल आतून-बाहेरून पोळला होता. वरची कातडी वांग्यासारखी काळी-जांभळी पडली. तोंडातली थुंकी आटली ती आटलीच. पण गाठ विरली. निघायच्या आधी डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून सांगितलं, "गाठ गेली. पण सुया ज्या हाडाशेजारी होत्या, ते हाड आता दुबळं झालंय. त्याला जखम झाली तर ती भरून येणार नाही. दाढ दुखली, हलली, तरी कुणालाही काढू द्यायची नाही. आधी इथं यायचं." तू मान हलवलीस. मी पाहिलं ते.

घरी आल्यावर तू मला म्हणालीस, "हाडाचं गावात बोलायचं न्हाई. आक्का बरी झाली म्हनायचं." मी तसंच म्हटलं. मिश्री तू सोडलीस, एवढं कबूल करते. गाव तुला बघायला येत होतं आणि तू किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून पुन्हा पहिल्यासारखी घर चालवत होतीस.

मग मी भावाच्या लग्नाला माहेरी तासगावला गेले आणि मागं तुझी दाढ दुखली. आठवड्याच्या बाजारात एक माणूस फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसायचा. तू त्याच्यापुढं जाऊन बसलीस. मी परत आले तर तूच मोठ्या तोऱ्यात सांगितलंस, "दाढ काढली. बेस झालं."

"आवं आक्का, डाक्टर काय म्हनलं हुतं?"

"डाक्टर ऱ्हायला मुंबईत. दाढ माझी हाय."

आक्का, तुझ्याशी माझं सगळ्यांत मोठं भांडण या जागेवर आहे. मिश्रीचं मी समजू शकते, गावातली प्रत्येक बाई लावते. गाठ झाली, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण तुला सांगितलेलं होतं. समोर बसवून, साध्या मराठीत सांगितलं होतं. मी ते ऐकलंय, म्हणून तू ते मोडलंस, असं मला अजून वाटतं. मी घरात असते तर मी आडवी आले असते, म्हणून तू मी नसतानाचा बाजार धरलास.

दाढेची जागा भरली नाही. तू सांगत नव्हतीस. आधी भाकरी सुटली, मग भात मऊ करून द्यावा लागला. मग घरात वास यायला लागला. हळदीच्या पोत्यांमागं घूस मेली असेल म्हणून मी गड्याकडून सगळी पोती हलवून घेतली. घूस नव्हती. तू किल्ली द्यायला माझ्याजवळ वाकलीस आणि मला कळलं वास कुठला ते.

स्वातंत्र्य आलं तो पावसाळा. शाळेची पोरं झेंडा घेऊन वेशीपर्यंत गेली, घरोघर साखर वाटली. तू मधल्या खोलीत तोंडावर फडकं धरून बसली होतीस. तुझ्या हातावरची साखर तशीच राहिली. मी आरसा घेऊन तुला उजेडात बसवलं आणि म्हटलं, "तोंड उघडा." उघडेना. दोन बोटं जातील एवढं कसंबसं उघडलं. आत मांसाच्या जागी हाड होतं. पिवळट, करडं, खरखरीत. शेतात ऊनपावसात पडलेलं जनावराचं हाड असतं, तसं. माझ्याशी भांडणाऱ्या जित्या बाईच्या तोंडात मी ते पाहत होते.

"त्यो रोग परत आलाय," तू म्हणालीस. "आता उपाय न्हाई. मी समाधी घेनार."

देह औषधापलीकडं गेला, तर महाराजांची आज्ञा घेऊन अन्नपाणी सोडायचं, ही आपल्या जैनांतली रीत. आजीची तशी समाधी मी लहानपणी पाहिलेली आहे. शांतपणे गेली ती. मला त्या व्रताबद्दल काही म्हणायचं नाही. मला तुझ्याबद्दल म्हणायचंय. मी नेमूला बैलगाडी जुंपायला लावली आणि आधी सांगलीला नेलं.

डॉक्टरांनी चिमट्यानं त्या हाडावर टकटक केलं. तुला काही कळलं नाही. ते म्हणाले, "कॅन्सर परत आलेला नाही. रेडियमनं हाडातलं रक्त कमी झालं होतं, त्यात दाढ उपटली, म्हणून तेवढं हाड मेलं. मेलेलं हाड जिवंत हाडापासून हळूहळू सुटतं. वेळ लागेल. तोवर रोज धुवायचं, इंजेक्शनं घ्यायची. सुटलं की मी काढीन. ओढून काढायचं नाही. या जगतील."

बाहेर येऊन गाडीत बसलीस आणि म्हणालीस, "लबाड हाय त्यो."

शेजारच्या गावातल्या बस्तीच्या देवळात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. चार दिवसांत तू नेमूला घेऊन तिथं निघालीस. मी न विचारता गाडीत चढले. मंडप भरलेला होता, पुढं पुरुष, मागं बायका. तू पुढं जाऊन वाकलीस आणि व्रत मागितलंस. महाराजांनी विचारलं, "बाई, वैद्य काय म्हणतो?"

"वैद्यानं हात टेकलं, महाराज."

मी मागून उठून उभी राहिले. एवढ्या माणसांत मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. "खोटं हाय, महाराज. डाक्टर म्हनला, जगतील. क्यान्सर न्हाई. निस्तं हाड मेलंय."

सगळे पुरुष मागं वळून बघायला लागले. नेमूनं मान खाली घातली. महाराज तुला म्हणाले, "ही खरं सांगते?"

तू पदर गालावर ओढलास.

"उपाय आहे तोवर देह टाकायचा नाही. तसं केलं तर ते व्रत होत नाही. घरी जा, औषध कर. औषध हरलं तर ये."

परतीच्या वाटेवर ओढ्याला पाणी होतं, गाडी थांबली. तेवढ्यात तू म्हणालीस, "माझ्या मरनात बी तोंड घातलंस." मग दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. धुवायला मात्र बसायचीस. मी कोमट पाण्यात औषधाचे लाल खडे टाकायची, पिचकारीनं त्या भोकात पाणी मारायची, आणि तू तसराळ्यात थुंकायचीस. तुझे डोळे माझ्या तोंडावर असायचे. मला वासानं उलटी येतेय का, ते तू बघत होतीस. मी येऊ दिली नाही.

जेवणावरून तर रोज युद्ध. जबडा उघडत नव्हता, म्हणून आंबील नाहीतर मुगाचं कढण दातांच्या फटीतून थेंब थेंब जायचं. वाटी संपेना. ऊन परसातल्या भिंतीवरून उतरलं की तू तोंड फिरवायचीस. अर्धी वाटी उरलेली. "आवं, आजाऱ्याला चालतंय," मी म्हणायची. तू ऐकलं नाहीस. हाडांचा सापळा झालीस तरी दिवा लागल्यावर पाण्याचा थेंब घेतला नाहीस. शेवटी मीच दुपारचं निजणं सोडलं आणि कढण मांडायला लागले. त्या हट्टाला मी मनातून नमस्कारही केला, आक्का. पण तो हट्ट धर्मासाठी किती आणि मला दमवायला किती, हे मला कधी ठरवता आलं नाही.

एक दिवस आंबिलीत आलेलं भाताचं शीत चावताना कट्ट असं झालं. जबडा मोडला. हनुवटी डावीकडं ओघळली आणि त्यानंतर तुझं बोलणं कुणाला कळेनासं झालं. मला कळायचं. एवढी वर्षं मी फक्त तुझंच तर ऐकलं होतं. मग मी तुझी दुभाषी झाले. पाहुणे आले, नेमू आला, कऱ्हाडाहून तुझी लेक आली, की तू काहीतरी बोलायचीस आणि सगळे माझ्याकडं बघायचे.

"काय म्हनती आई?"

"म्हनत्यात, कढनात मीठ न्हाई. ह्या सुंद्रीला संसार कवा कळायचा."

पाहुणे हसायचे. तू हसायची नाहीस. मी एखादा शब्द गाळते का, ते तू बघत असायचीस. मी कधी गाळला नाही. वेंधळी, दळभद्री, करंटी, सगळं जसंच्या तसं मी माझ्या तोंडानं माझ्याबद्दल सांगितलं. एक शब्द जरी बदलला असता तर तो तू आयुष्यभर माझ्यावर धरला असतास.

पुढच्या थंडीत हाड हलायला लागलं. डॉक्टरांनी ते चिमट्यानं काढलं, फारसं रक्तही आलं नाही. बोटाच्या पेराएवढा तुकडा, वाळवीनं खाल्ल्यासारखा. तू खूण करून तो मागून घेतलास. बराच वेळ पाहिलास. मग बोललीस, आणि मी डॉक्टरांना सांगितलं, "म्हनत्यात, येवढ्याशासाठी?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "खाली जिवंत हाडावर मांस धरतंय. ही जखम आता भरेल."

बरीचशी भरली. गालाला मुगाएवढं भोक राहिलं, त्यातून पाणी झिरपायचं. तोंड वाकडं ते वाकडंच. पण वास गेला, ताप गेला, अंगावर थोडं मांस आलं. तू उठून परसात जायला लागलीस. डॉक्टर म्हणाले होते ते सगळं खरं झालं. मला वाटलं, आता तरी.

त्या दिवसांतली ती दुपार तुला आठवत असेल. मी तुझ्या गालावर पट्टी लावत होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. तू म्हणालीस, "तू मला जगवलंस ते माझ्यापायी न्हवं. तुला माझ्या तोंडातनं कायतरी ऐकायचं हाय."

मी पट्टी तशीच धरून म्हटलं, "व्हय. अजून ऐकायचं हाय."

तू माझ्याकडं पाहिलंस. मी थांबले. तुला शब्द सापडत नव्हते असं नाही, आक्का. इतकी वर्षं एका शब्दावाचून तू अडली नाहीस. तू भिंतीकडं तोंड केलंस. मी पट्टी लावली, तसराळं उचललं आणि बाहेर गेले.

यंदा फाल्गुनात हळद शिजायला लागली आणि तुझ्या छातीत कफ धरला. डॉक्टर गाडीतून आले. या वेळी त्यांनीही हात टेकले. नेमू, त्याची बायको, कऱ्हाडची लेक, आमचे हे, सगळे तुझ्याभोवती बसले. मी उशाशी. सकाळपासून तू पाणीसुद्धा नको म्हणत होतीस आणि मी या वेळी आग्रह केला नाही.

उन्हं तापल्यावर तू डोळे उघडलेस, माझ्याकडं बघून काहीतरी म्हणालीस. मला ते पहिल्या खेपेलाच कळलं. बाकी सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"काय म्हनली आई?" नेमूनं विचारलं.

मी काहीही सांगू शकले असते. सगळी सुखी ऱ्हावा म्हनत्यात, असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी हात जोडले असते. मी म्हटलं, "म्हनत्यात, सुंद्रीला भाईर काढा. ही हितं असली तर मला मरता येत न्हाई."

"काकू, असं न्हाई म्हननार ती."

"असंच म्हनल्या."

मी तुझ्याकडं पाहिलं. तू हळूच डोळे मिटून उघडलेस. बरोबर सांगितलं होतं मी. मी उठले आणि बाहेर गेले.

परसात काहिलीखाली जाळ होता. गडी शिजलेली हळद उपसून चटयांवर पसरत होते. मी जोत्यावर बसून राहिले. बायका आता मला सांगतात, तुमच्या मायेत जीव अडकला होता, म्हणून त्यांनी तुम्हांला दूर केलं. त्यांना तसं बोलायला सोपं जातं. मला ते पटत नाही. तुला माझा कंटाळा आला असेल. मी पुन्हा विचारीन, अशी भीती वाटली असेल. किंवा ज्या बाईनं तुला एकदा मरू दिलं नाही, तिच्यासमोर तुला मरायचं नसेल. तुझं बोलणं दुसऱ्यांना समजावून सांगणारी मी, आणि याचा अर्थ मला लावता येत नाही.

गड्यांनी एक काहील उतरवली, दुसरी चढवली. मग नेमू बाहेर आला. त्याचा चेहरा बघून कळलं.

"काकू, आत या."

मी लगेच उठले नाही. तू मला बाहेर काढलं होतंस. परत ये, असं तू म्हटलं नव्हतंस. आतून लेकीचं रडणं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं नेमूची बायको दाराशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, आंगूळ घालायची हाय. पन गालाच्या त्या भोकाचं काय करायचं, मला कळंना. मला हात लाववत न्हाई."

मग मी उठले. आतल्या बायकांना बाजूला केलं, तुझ्या गालावरची पट्टी सोडली. एका बाईनं घागरीतलं गार पाणी पुढं केलं. मी ते परत दिलं आणि चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं. आता तिला काय कळतंय, असं कुणीतरी म्हणालं. मी पाणी कोमट होईपर्यंत थांबले, मनगटावर टाकून पाहिलं, आणि मग तुझं तोंड धुतलं.